भौगोलिक विलगीकरण आणि नव्या प्रजाती : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : डोंगर किंवा समुद्र मध्ये आल्याने एका प्रजातीचे दोन गट दुरावले, एवढ्यानेच नवी प्रजाती तयार होते का?

उत्तर : एवढ्याने नाही. अडथळा एकच काम करतो, ते म्हणजे जनुकांची सरमिसळ थांबवण्याचे. ती थांबली की दोन्हीकडची उत्परिवर्तने (जनुकांत आपोआप होणारे बदल), नैसर्गिक निवड आणि, गट लहान असल्यास, निव्वळ योगायोगाने होणारे जनुकीय विचलन यांमुळे फरक साठत जातात. सुमारे ३० लाख वर्षांपूर्वी दोन्ही अमेरिका खंडांना जोडणारी पनामाची चिंचोळी संयोगभूमी पूर्ण जुळली आणि कॅरिबियन समुद्र पॅसिफिकपासून तुटला. तिच्या दोन्ही बाजूंना नांगी आपटून आवाज करणाऱ्या कोळंब्यांच्या, दिसायला जवळपास सारख्या अशा जोडप्रजाती आहेत. सागरी जीवशास्त्रज्ञ नॅन्सी नोल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन्हीकडचे नर-मादी एकत्र ठेवले, तेव्हा समागमापेक्षा भांडणेच अधिक झाली. यांतील काही जोड्या भूमी जुळण्याआधीच फुटल्या होत्या, असे त्यांची जनुके सांगतात. असा अडथळा हळूहळूच उभा राहतो, त्यामुळे त्यात नवल नाही.

प्रश्न : यासाठी किती वर्षे लागतात?

उत्तर : ठरावीक मुदत नाही, आणि दिसणाऱ्या बदलावरून अंदाज बांधणे तर फारच फसवे. १९७१ मध्ये एड्रियाटिक समुद्रातील एका बेटावरून सरड्यांच्या ५ जोड्या शेजारच्या बेटावर सोडल्या होत्या. साडेतीन दशकांच्या आत त्यांच्या वंशजांची डोकी मोठी झाली आणि वनस्पतींचा आहार पचवण्यास उपयोगी पडणाऱ्या झडपा आतड्यात आढळल्या. तरीही त्यांना वेगळी प्रजाती मानले जात नाही. उलट चिनार आणि त्याचा अमेरिकी भाऊबंद लक्षावधी वर्षे दुरावलेले असूनही त्यांचा संकर सहज होतो आणि त्या संकराला पुढे बीजही धरते.

प्रश्न : दुरावलेले गट पुन्हा भेटले तर काय होते?

उत्तर : संकर धडधाकट निघाले, तर दोन्ही गट मिसळून पुन्हा एक होऊ शकतात. संकर दुबळे किंवा वांझ निघाले, तर परका जोडीदार टाळणाऱ्यांचीच संतती टिकते आणि दुरावा पक्का होतो.

प्रश्न : अडथळ्याविना नवी प्रजाती संभवते का?

उत्तर : होय. वनस्पतींत गुणसूत्रांचे संच दुप्पट होऊन एक-दोन पिढ्यांतच, मूळ झाडांच्या शेजारी, नवी प्रजाती उद्भवू शकते. प्राण्यांत हे सिद्ध करणे कठीण असते. उत्तर अमेरिकेत हॉथॉर्न या काटेरी झाडाच्या फळांवर वाढणाऱ्या एका प्रजातीच्या माश्यांपैकी काही एकोणिसाव्या शतकात सफरचंदाकडे वळल्या. दोन्ही गटांचा हंगाम आता वेगळा आहे, पण सरमिसळ अजून पुरती थांबलेली नाही.