आर्मेनियन भरतकाम शिकायचंय म्हणते, वर्ष सोडू देऊ का?

प्रश्न : मुलगी बारावी कॉमर्स झाली. आर्मेनियाच्या राजधानीत, येरेव्हानला, एमबीबीएस करणाऱ्या मावसबहिणीने एक टेबल-रनर (टेबलावर अंथरायची लांब पट्टी) आणला. गडद कापडावर रंगीत दोऱ्यांची टोपलीसारखी वीण, मागच्या बाजूला मात्र नुसते बारीक टाके. तेव्हापासून 'एक वर्ष गॅप घेते आणि तिकडे जाऊन हेच शिकते' असं चाललंय. आजवर तिने साधं बटणसुद्धा लावलेलं नाही. यात करिअर आहे का? – एक आई, नाशिक

उत्तर : ताई, वर्ष सोडू देऊ नका आणि विमानाचं तिकीटही काढू नका. पण तिचं म्हणणं उडवूनही लावू नका.

तुमच्या वर्णनावरून हे माराशचं काम दिसतं. माराश, ऐंताब, उर्फा, वान अशा गावांच्या नावांनी आर्मेनियन भरतकामाच्या शैली ओळखल्या जातात, आणि ही सगळी गावं आज तुर्कस्तानात आहेत. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपात ज्या कहरामानमाराश आणि गाझियान्तेपची नावं आपण ऐकली, तेच हे माराश आणि ऐंताब. 1915 च्या, ऑटोमन राजवटीतल्या आर्मेनियन लोकांच्या नरसंहारातून वाचलेल्यांनी ही कला अलेप्पो, बैरूत आणि पुढे अमेरिकेपर्यंत नेली. मदतसंस्थांच्या कार्यशाळांत विधवा आणि अनाथ मुली हेच भरून पोट भरत होत्या. त्यामुळे शिकवणारे जगभर विखुरलेत, आणि येरेव्हानला गेल्याशिवाय हे येणारच नाही असं काही नाही.

उलट सुरुवात घरातूनच होईल. आपल्याकडे ज्याला सिंधी टाका किंवा कच्छी टाका म्हणतात, त्याची आणि माराशच्या टाक्याची वीण एकच. (कोणी कोणाकडून घेतला, या वादात आपण कशाला पडा?) तुमच्या सासूबाईंच्या किंवा आईच्या पिढीत कुणीतरी उशांच्या अभ्र्यांवर तो घातलेला असेल. त्यांना विचारा.

मुलीला मॅटी कापड, रिंग, जाड सुती दोऱ्याचे दोन रंग आणि बोथट टोकाची सुई आणून द्या. पहिल्या फेरीत मच्छी टाक्यासारखे तिरपे, एकमेकांना छेदणारे दोरे टाकून सांगाडा करायचा. दुसऱ्या फेरीत दुसऱ्या रंगाचा दोरा त्या सांगाड्यातून एकदा वरून, एकदा खालून न्यायचा; कापडाला टोचायचं नाही. सुई बोथट हवी ती याचसाठी, टोकदार सुई दोराच फाडते. सांगाड्यात एका जागी जरी 'वरून'च्या ऐवजी 'खालून' गेलं, तरी दुसऱ्या फेरीत वीण तिथे अडकत नाही, ढिली लोंबते. मग सगळं उसवायचं. चार पाकळ्यांचं पहिलं फूल तीनचारदा उसवूनही ती पुन्हा बसली, तर आवड खरी समजा. ऐंताबचं काम, म्हणजे पांढऱ्या कापडातले दोरे काढून पांढऱ्याच दोऱ्याने बांधलेली जाळी, तिने इतक्यात हातात घेऊ नये. डोळे आणि धीर दोन्ही लागतात.

आता पोटापाण्याचं. नुसतं भरून विकणं हा व्यवसाय म्हणून अवघड आहे, हे तिला हिशोबानेच कळू द्या. समजा एका रनरला साठ तास लागले आणि तासाला शंभर रुपये धरले, तर मजुरीच सहा हजार झाली. कापड, दोरा, फिनिशिंग वेगळं. या किमतीला गिऱ्हाईक कोण, हे तिनेच शोधावं. पुढेमागे विकलंच, तर 'आर्मेनियन माराश टाका' असं स्पष्ट लिहून विकावं; नुसतं 'एथनिक डिझाइन' म्हणून खपवणं मला पटत नाही.

टेक्स्टाइल डिझाइन शिकलेल्या मुलीच्या हातात असा टाका असेल, तर मात्र गोष्ट वेगळी. निफ्ट आणि एनआयडी या फॅशन आणि डिझाइन शिकवणाऱ्या सरकारी संस्था; त्यांच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, बारावीची कुठलीही शाखा चालते, त्यामुळे कॉमर्सची अडचण नाही. निफ्टचं एक केंद्र खारघरलाच आहे. मुंबईत जे.जे. स्कूल ऑफ आर्टमध्येही टेक्स्टाइल डिझाइन आहे. जुनी वस्त्रं जपण्याचं, म्हणजे संग्रहालयांतल्या कॉन्झर्वेशनचं काम ही आणखी एक वाट. तिथे टाका उलगडून वाचता येणं लागतंच. तेव्हा यंदा बी.कॉम.ला प्रवेश घ्या, दिवाळीच्या सुमारास प्रवेशपरीक्षांचे अर्ज कधी निघतात यावर लक्ष ठेवा, आणि चित्रकलेचा सराव आजपासून. भरतकामाचे नमुने पुढे पोर्टफोलिओत घालता येतील.

येरेव्हानचं म्हणाल तर मावसबहीण तिथे असेपर्यंत एका सुट्टीत पंधरा दिवस जाऊन यायला हरकत नाही. लोककलेचं संग्रहालय बघावं, शनिवार-रविवारी व्हर्निसाज बाजारात विकायला बसलेल्या बायकांशी बोलावं, भाव विचारावेत. फक्त तो खर्च शिक्षणाच्या खात्यात न लिहिता सहलीच्या खात्यात लिहा.