‘फिजिक्स घेतलंय, पण पुढे काय?’

गेल्या दोन महिन्यांत हा प्रश्न मी सात जणांच्या तोंडून ऐकला. कधी विद्यार्थी विचारतो, कधी आई-वडील. विषय आवडतो, पण डॉक्टर, वकील, इंजिनिअर असं काही नावापुढे लागेल असं दिसत नाही. भीती खोटी नाही. भौतिकशास्त्राची पदवी हातात पडली तरी दारावर लावायची पाटी मिळत नाही.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी वडिलांसोबत आली होती. ‘मॅडम, हिला अजून कॉम्प्युटरकडे वळवता येईल का?’ वडिलांनी बसता बसता विचारलं. ती गप्प. पुढच्या भेटींना ती एकटी येऊ लागली.

‘संशोधन करायचंय का?’

‘माहीत नाही. शिकवायचंही नाहीये. मग मी हे कशाला करतेय?’

करिअरची यादी तिच्यापुढे ठेवणं सोपं होतं. मी मुद्दाम ठेवली नाही. कोणी बघत नसताना माणूस काय करतो, ते कुठल्याही कलचाचणीपेक्षा जास्त सांगून जातं, असं माझं ठाम मत आहे. म्हणून तिला प्रॅक्टिकलची वही घेऊन यायला सांगितलं.

लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचा प्रयोग होता. उत्तर ९.८ च्या आसपास यायला हवं. २५ सेंटिमीटर लांबीला तिचं ९.४ आलं होतं. ‘९.८ लिही आणि सही घे,’ असं तिला सांगितलं गेलं. वहीत मात्र ९.४ तसंच होतं आणि पुढची तीन पानं पेन्सिलीनं भरलेली. दोऱ्याची लांबी बदलत तिनं पुन्हा वाचनं घेतली होती. आवर्तकालाचा, म्हणजे एका पूर्ण झोक्याला लागणाऱ्या वेळेचा, वर्ग आणि लांबी यांचा आलेख सरळ आला, पण रेष शून्यातून जात नव्हती. मागे वाढवली की लांबीच्या अक्षाला शून्याच्या एक सेंटिमीटर डावीकडे छेदत होती. तिनं लांबी गोळ्याच्या वरच्या टोकापर्यंत मोजली होती, हवी होती केंद्रापर्यंत. तो एक सेंटिमीटर म्हणजे गोळ्याची त्रिज्या! रेषेच्या चढावरून काढलेलं उत्तर ९.८ च येत होतं.

‘हे शोधायला कोणी सांगितलं?’

‘कोणीच नाही. झोपच येईना.’

मी काही बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं मला फार वर्षांनी जमू लागलंय. तिनं वही स्वतःकडे ओढली आणि ती तीन पानं सावकाश उलटली, जणू दुसऱ्याच कुणाची असावीत. मग म्हणाली, ‘याचे कोणी पैसे देतं?’

देतात. आणि ही चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी. मोजमाप कुठे चुकतंय हे शोधणारी माणसं चिप बनवणाऱ्या कारखान्यात लागतात, लेन्स आणि लेझरच्या कामात लागतात, हवामानाच्या प्रारूपांत, भूगर्भाच्या सर्वेक्षणात, डेटाच्या विश्लेषणात लागतात. टिम बर्नर्स-ली यांची पदवी भौतिकशास्त्राची. १९८९ मध्ये त्यांनी वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. डीएनएची रचना उलगडणारे फ्रान्सिस क्रिकही आधी भौतिकशास्त्रच शिकले होते. अर्थात मोठ्या नावांवर घर चालत नाही, म्हणून सातही जणांना मी रोखठोक सांगितलं: संशोधनासाठी पीएचडी लागते आणि कायमच्या जागा पीएचडी झालेल्यांपेक्षा खूप कमी असतात. नुसत्या पदवीवर नोकरी हवी असेल तर प्रोग्रॅमिंग पदवीच्या वर्षांतच शिका, पायथनपासून सुरुवात करा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा ऑप्टिक्सपैकी एकात हात बसू द्या. आणि एक प्रकल्प असा करा की त्यातली चूक कशी सापडली हे मुलाखतीत दहा मिनिटं सांगता येईल. गणिताशी रोजच झगडा होत असेल, तर मात्र विषय बदलण्यात कमीपणा नाही.

तिला मी वैद्यकीय भौतिकीबद्दल सांगितलं. कर्करोगाच्या रुग्णाला किरणांचा नेमका किती डोस मिळतोय हे तपासणारे भौतिकशास्त्रज्ञ असतात. त्यासाठी पदव्युत्तर शिक्षण आणि रुग्णालयातलं प्रशिक्षण लागतं. ओळख काढून ती एका रुग्णालयात दिवसभर बसून आली. तिथे पाण्याच्या टाकीत मापक बुडवून यंत्राचा झोत तपासत होते.

‘मॅडम,’ ती खुर्चीत बसायच्या आधीच म्हणाली, ‘तिथे सकाळी अर्धा तास एकाच गोष्टीवर गेला. पाण्यातली खोली कुठून मोजायची आणि मापकाचा कुठला बिंदू धरायचा!’