जीमॅट हे यानाचा मार्ग आखायचं सॉफ्टवेअर नवीन घेतलंयस? आधी मंगळयान उडव

अरे, पहिल्याच दिवशी शनीच्या मागे लागू नकोस. नासाचं जीमॅट फुकट मिळतं, ते टाक आणि आपलं मंगळयानच परत उडवून बघ, तारखा माहितीच्या आहेत, १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वी सोडली आणि २४ सप्टेंबर २०१४ ला मंगळाच्या कक्षेत. मधल्या प्रवासाला आधी फक्त सूर्याचं गुरुत्वाकर्षण धर, बाकी सगळं नंतर.

आणि हो, टार्गेटर (हवं तिथे पोचायला बर्न किती हवा ते शोधणारा जीमॅटचा भाग) कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे उत्तरावर येऊन थांबत नाही, म्हणून सेटिंग्ज बदलत बसू नकोस, बहुतेक वेळा आपला पहिला अंदाजच चुकलेला असतो, निघायची तारीख नाहीतर बर्नची, म्हणजे इंजिन पेटवायची, दिशा. मंगळाची विंडो, म्हणजे निघायची योग्य वेळ, साधारण २६ महिन्यांनी येते, भलती तारीख टाकलीस तर डेल्टा-व्ही, म्हणजे इंजिनाने वेगात करावा लागणारा बदल, कायच्या काय वाढतो. यान मंगळाजवळून नुसतं गेलं तरी पहिल्यांदा जाम भारी वाटतं, खरंच.