वादळानंतर गावाचा आराखडा करताना सगळ्या बाजूंची माहिती कशी मिळवायची?

तुम्ही विचारलंय की वादळानंतरच्या पुनर्उभारणीचा आराखडा ग्रामसभेपुढे यायचाय, पण माहिती सगळी एकाच गटाकडून येतेय, तर समतोल कसा राखायचा. मी श्रीवर्धन तालुक्यातल्या एका किनाऱ्यावरच्या गावचा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आमच्यावरून गेलं आणि पुढची दोन वर्षं मी गावाच्या समितीत होतो. तिथे जे पाहिलं ते सांगतो.

आमच्याकडे कुणी खोटं बोललं नव्हतं, तरी पहिली यादी एकांगी झाली, कारण ती सातबाऱ्यावरून निघाली. ज्याच्या नावावर वाडी, त्याचे माड-पोफळी मोजले गेले. ते मोजायलाच हवे होते. पोफळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, घराघराचं उत्पन्न एका दुपारी आडवं झालं होतं. त्यात भरपाई आधी हेक्टरी होती. आमच्या वाड्या गुंठ्यांच्या, हिस्सेदार दहा, त्यातले निम्मे मुंबईला. पुढे झाडामागे दर आला, माडाला २५० आणि पोफळीला ५० रुपये.

पण कोळीवाड्यातल्या बायकांनी पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली सुकट, जवळा, बोंबील भिजून कुजले, त्याला यादीत जागा मिळाली नाही. वाड्यांत शिंपणं करणारे, झाडावर चढून नारळ-सुपारी उतरवणारे गडी तर कुठेच नव्हते. झाडं गेली तशी त्यांची कित्येक वर्षांची मजुरी गेली. आणि हीच यादी पुढे आराखड्याचा पाया झाली. म्हणून हातात कुठलाही कागद आला की आधी बघा, यात कोण नाही?

तेव्हा करोनामुळे मोठी सभा घेता येत नव्हती. चौघे-चौघे घरोघरी गेलो, पडवीत बसलो. मला आजही वाटतं की ते बरंच झालं. सभेत तोंड न उघडणाऱ्या बायका पडवीत तासभर बोलल्या.

खरी कसोटी लागली ती धूपप्रतिबंधक बंधाऱ्याच्या वेळी. वाडीवाल्यांना दगडी बंधारा हवा होता, कारण उधाणाचं पाणी आगरात, म्हणजे माड-पोफळीच्या वाड्यांत, शिरत होतं. कोळ्यांना पुळण, म्हणजे किनाऱ्यावरची वाळू, मोकळी हवी होती, होड्या ओढायच्या कुठे नि मासळी वाळवायची कुठे? दोघांचंही खरं. पण तिसरी गोष्ट कुणीच मांडत नव्हतं. बंधारा जिथे संपतो तिथून पुढची वाळू लाटा जास्त ओढतात, म्हणजे धूप शेजारच्या पाखाडीकडे, म्हणजे पुढच्या वस्तीकडे, सरकू शकते. आम्ही त्या टोकाच्या घरांना बोलावलं, ओहोटीला आणि अमावास्येच्या उधाणाला सगळ्यांनी मिळून किनारा चालून पाहिला, जुन्या लग्नांच्या फोटोंत पुळण कुठवर दिसते ते ताडलं. त्यानंतर बोलण्याचा सूरच बदलला.

चिपळूणचं उदाहरणही बघा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर कुणी धरणाच्या पाण्याकडे बोट दाखवलं, कुणी वाशिष्ठी नदीतल्या गाळाकडे, कुणी अतिवृष्टी आणि भरती एकत्र आल्याकडे. प्रत्येक कारणामागून वेगळं काम येतं आणि वेगळा खर्च येतो. लोकांनी उपोषण करून गाळाचा प्रश्न लावून धरला, ते योग्यच होतं. पण आराखड्यात एकच कारण लिहिलं असतं, तर बाकीच्यांवर पुन्हा कोण बोललं असतं?

आमच्या समितीनं दोन सवयी लावून घेतल्या. प्रत्येक मुद्द्यापुढे लिहायचं की हे कुणी डोळ्यांनी पाहिलंय, कुणी मोजलंय, की नुसता अंदाज आहे. आणि ज्यानं काम सुचवलं, त्यानंच त्यातून काय बिघडू शकतं तेही लिहून द्यायचं. याला सुरुवातीला फार विरोध झाला, पण सोडू नका. पटलेलं नाही असं कुणी म्हणालं, तर ते नावासकट इतिवृत्तात घ्या. 'सर्वानुमते मंजूर' लिहिलं की ते म्हणणं पुसलं जातं.

मुंबईकरांना आराखडा आधी पाठवा, शक्य असेल तर निर्णय गणपतीत घ्या, तेव्हा सगळे घरी असतात. आणि सभेच्या आधी एका संध्याकाळी कोळीवाड्यात बसून अख्खा आराखडा मोठ्यानं वाचून दाखवा, सरकारी शब्द सोडून आपल्या बोलीत. आमच्या सर्वांत मोठ्या दुरुस्त्या त्या संध्याकाळी झाल्या. होड्या ओढायची वाट बंधाऱ्याच्या नकाशात राहूनच गेली होती, ती एका म्हातारीनं दाखवून दिली.