शेजारच्या वरातीच्या घोड्या खंगताहेत, तक्रार करावी का?

हो, कळवा. पण पहिला फोन पोलिसांना नको. आणि दोन्ही घोड्या आपल्या पायांवर उभ्या आहेत, खातपीत आहेत, तोवर मालकाशी एकदा बोलून मगच कळवा.

तुम्ही लिहिलंत की शेजारच्या मोकळ्या प्लॉटवर वरातीच्या दोन घोड्या, त्यातली एक पांढरी, बांधलेल्या असतात, आषाढापासून त्या हडकत चालल्या आहेत, आणि मालकाच्या घरी तुमचं जाणंयेणं असल्यामुळे काय करावं ते सुचत नाही. माझी सगळी नोकरी पशुधन पर्यवेक्षक म्हणून झाली. वरातीच्या घोड्यांबद्दलची गाऱ्हाणी याच दिवसांत यायची. आषाढी एकादशीला लग्नं थांबतात ती तुळशीच्या लग्नापर्यंत. चार महिने घोडीची कमाई नाही, पोट मात्र रोजचं. मग आधी चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, बंद होते, नंतर कडबा कमी होतो, आणि जनावर पावसाळी गवतावर सोडलं जातं. त्या कोवळ्या गवतात बहुतांश पाणीच असतं. पोट गोल दिसतं आणि पाठ उतरत जाते. पोटात जंत झाले तरी चित्र असंच दिसतं. म्हणून पोटाकडे बघून ‘खाते तर आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

नुसत्या बरगड्यांवरही जाऊ नका. काठेवाडी, मारवाडी घोडी मुळातच सडपातळ असते, आणि शिंगराला पाजणाऱ्या घोडीच्या बरगड्या थोड्या दिसतातच. घोडीला मागून बघा. पुठ्ठ्याची हाडं टोकदार वर आलीत का, शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेत का, पाठीचा कणा धारेसारखा उठून दिसतोय का? घोड्याच्या अंगावरचं मांस जोखायला १ ते ९ अशी श्रेणी जगभर वापरतात. १९८३ मध्ये अमेरिकेत टेक्सासला डॉन हेनेके यांनी ती बसवली. मान, खांदा, वशिंडाची जागा, बरगड्या, पाठ आणि शेपटीचं बूड अशा सहा जागा त्यात पाहतात. मी सांगितलेल्या तिन्ही खुणा ठळक असतील तर घोडी त्या श्रेणीत तळाला आहे, आणि हे काही आठवड्याभरात झालेलं नाही.

लीद बघा. ताजी लीद दिवसातून अनेकदा पडत असेल तर पोटात काहीतरी जातंय. खूर पुढे वाढून वळलेत का, तेही बघा. नालबंद दीड-दोन महिन्यांनी यायला हवा. दावणीजवळ अर्धवट चावलेल्या गवताचे गोळे पडलेले दिसले तर दात बिघडले आहेत, आणि अशी म्हातारी घोडी भरल्या गव्हाणीपुढेही वाळते. तिथे मालकाचा दोष असेलच असं नाही. घोडं दिवसभर उभंच असतं म्हणून लोक कळवळतात, पण घोडं उभ्याउभ्या झोपतं. मागचा एक पाय सैल सोडून डुलकी घेणं हा आरामच आहे.

काही गोष्टींत मात्र बोलणं वगैरे बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी फोन करा. घोडी आडवी पडली आहे आणि उठत नाही. जखमेत अळ्या पडल्या आहेत. पाणीच ठेवलेलं नाही (घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी लागतं, एखाद्या बादलीनं काही होत नाही). ती लोळते आहे, पोटाकडे वळून बघते आहे. नाकातून घट्ट, चिकट स्राव आणि पायांवर, अंगावर फुटणाऱ्या गाठी असतील तर हातही लावू नका, मुलांना दूर ठेवा. तो ग्लँडर्स असू शकतो. तो माणसालाही होतो आणि कायद्यानं तो कळवावाच लागतो.

यातलं काही नसेल तर मालकाकडे जा, एकटे आणि घरच्यासारखे. ‘काका, पांढरी फार उतरलीय, डॉक्टरांना दाखवली का?’ इतकंच. पैशांची ओढाताण असेल तर ती बहुधा तिथेच बाहेर येते. १९६२ या क्रमांकावर पशुसंवर्धन विभागाचं फिरतं पथक बोलावता येतं, तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जंताचं औषध मिळतं, हे त्याला माहीत नसेल तर सांगा. आठवडाभरात घोडीपुढे चारा दिसला नाही, किंवा त्यानं तुम्हाला उडवून लावलं, तर आणखी थांबू नका.

मग लेखी अर्ज पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे, म्हणजे सरकारी पशुवैद्यकांकडे, द्या आणि प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला. पोलीस आधी नको म्हणतो त्याला कारण आहे. १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे मालकानं पुरेसं अन्न, पाणी, निवारा न देणं हा गुन्हा आहे, पण तो अदखलपात्र, म्हणजे कोर्टाच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. ठाण्यात नोंद होते आणि बहुतेक वेळा तिथेच राहते. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये! इतक्या वर्षांत तो आकडा बदलला नाही, याची मला मनापासून चीड येते. पण त्याच कायद्याचं कलम ३४ कामाचं आहे. शिपायाच्या वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी गरज वाटल्यास जनावर ताब्यात घेऊन पशुवैद्यकाकडून तपासून घेऊ शकतो. आधी डॉक्टरांचा अहवाल हातात असला की ठाण्यात या कलमाकडे बोट दाखवता येतं. खटला गुन्ह्यापासून तीन महिन्यांच्या आतच दाखल व्हावा लागतो, म्हणून आजपासून तारखेसह फोटो ठेवा. ते आपल्याच हद्दीतून काढा, बाजूनं आणि मागून, दर दोन-तीन दिवसांनी त्याच जागेवरून. आपल्या राहत्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. तिथे गवगवा झाला की घोड्या एका रात्रीत दुसऱ्या गावी हलतात, आणि मग त्यांचं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

एक गोष्ट हात जोडून सांगतो. दया येऊन त्यांना हरभरा, गूळ, शिळ्या पोळ्या घालू नका. बरेच दिवस उपाशी राहिलेल्या घोड्याला एकदम धान्य दिलं तर रक्तातले क्षार ढासळतात आणि तीन ते पाच दिवसांत जनावर दगावू शकतं, तेही खायला मिळाल्यावर. मालकाची परवानगी असेल तर स्वच्छ पाणी द्या, आणि डॉक्टर येईपर्यंत सुकवलेला लसूणघास थोडा थोडा, दिवसातून सहा वेळा.

घरोबा तुटेल ही भीती खरी आहे. अर्जात नाव गुप्त ठेवा असं लिहिता येतं, पण लहान वस्तीत अंदाज बांधला जातोच, तेव्हा त्यावर विसंबू नका. माझं मत विचाराल तर संबंध नंतर सांधता येतात; कार्तिकात पहिली सुपारी आली की हाच मालक त्या अशक्त घोडीवर नवरदेव बसवून, बँड आणि फटाक्यांच्या गदारोळात तिला डांबरी रस्त्यावर उभी करील, आणि तिथे ती कोसळली तर माणसंही जखमी होतील. तुमच्याकडे त्याआधीचे काही आठवडे आहेत. पांढरीचे मागून काढलेले दोन फोटो इथे टाका, चेहरे आणि घरं न दाखवता. ती श्रेणीत कुठे बसते ते मी सांगतो.