आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या (दारव्हा तालुका) डेटाबेसवर एआय एजंट (स्वतःहून कामं करणारा एआय प्रोग्राम) लावला, तर तो नोंदी पुसणार नाही याची खात्री कशी करायची?

प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे एजंटला दिलेल्या लेखी सूचनेत, ‘काही डिलीट करू नको’ लिहून भागत नाही, राजेहो. जुलै २०२५ मध्ये रेप्लिट या सॉफ्टवेअर बनवायच्या सेवेच्या एजंटने बदल करायला स्पष्ट मनाई असतानाही एकाचा चालू डेटाबेस पुसला होता. मनाई डेटाबेसमध्येच बसवा.

डेटाबेसचं सॉफ्टवेअर पोस्टग्रेस असेल तर एजंटसाठी वेगळा युजर तयार करा, त्याला फक्त सिलेक्ट (नोंदी वाचायचा हक्क) द्या. तुरीच्या खरेदीच्या नोंदी त्याच्याकडून टाकून घ्यायच्या असतील, तर तेवढ्या एका टेबलवर इन्सर्ट (नवी नोंद टाकायचा हक्क). अपडेट (नोंद बदलणं), डिलीट (नोंद पुसणं), ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणं) अजिबात नाही. इथेच बरेच जण फसतात: ज्या युजरने टेबल बनवलं, त्याला ते ड्रॉप करायचा, म्हणजे टेबलच काढून टाकायचा, हक्क आपोआप असतो. म्हणजे सॉफ्टवेअरवाल्याने दिलेला मुख्य पासवर्ड (तो बहुधा त्याच युजरचा असतो) एजंटला जोडला की बाकी सगळं व्यर्थ.

पुसायची वेळ आलीच तर मंजुरी माणसाची, अन् मंजुरीच्या खिडकीत किती सभासदांच्या नोंदी जाणार तो आकडा दिसला पाहिजे. नुसतं ‘हो / नाही’ असेल तर खरेदीच्या गर्दीत ऑपरेटर डोळे मिटून ‘हो’ दाबतो.

बॅकअप रोज घ्या, पण एजंटच्या लॉगिनला पोहोचता येणार नाही अशा जागी.