शाळांना भेट देणाऱ्या आपल्या आयांच्या गटात नवीन आलेल्या मैत्रिणीला

अगं, पालघर जिल्ह्यातल्या जव्हारच्या शाळेत पहिल्यांदाच येते आहेस, तर भाषण लिहून आणू नकोस. ‘खूप शिका, मोठे व्हा’ हे प्रत्येक पाहुणा सांगून जातो. आपण आया म्हणून जातो. सतरंजीवर मुलांच्यात बसायचं आणि ऐकायचं.

तिथली बरीच मुलं घरी वारली किंवा कोकणा या आदिवासी बोली बोलतात. पुस्तकातली मराठी त्यांना परकी वाटते, म्हणून ती गप्प असतात. चित्रावर बोट ठेवून विचार, “याला तुझ्या घरी काय म्हणतात गं?” मग बघ कशी बोलायला लागतात ती! उच्चार मात्र सुधारत बसू नकोस. शाबासकीही नेमकी दे. नुसतं ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘वजाबाकीत हातचा बरोबर घेतलास’ हे मूल लक्षात ठेवतं.

खाऊ खिचडीच्या आधी वाटायचा नाही, नाहीतर ताटं तशीच राहतात.

आणि मुलांच्या आयांना भेटल्याशिवाय निघू नकोस. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं. दिवाळीनंतर अनेक कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात, मुलांची शाळा तिथेच तुटते. त्यांना सांग, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार भट्टीजवळच्या सरकारी शाळेतही मुलाला प्रवेश मिळतो, दाखला हातात नसला तरी अडवता येत नाही. म्हणून आपली फेरी दिवाळीच्या आधीच ठेव. गुरुजींना आठवडाभर आधी फोन कर आणि कोणती घरं जाणार आहेत ते विचारून घे.